सहा वाट्या, एक रात्र: जिवाणूंना काय मानवतं ते घरच्या घरी कसं पाहावं

जानेवारीत नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरी दही लागत नाही. रात्री नेहमीसारखं विरजण लावावं, सकाळी झाकण काढावं, तर दूध जसंच्या तसं. मे महिन्यात त्याच ओट्यावर, त्याच पातेल्यात तेच विरजण पाच-सहा तासांत दही घट्ट करतं, आणि जरा दुर्लक्ष झालं की इतकं आंबतं की कढीच करावी लागते. दूध तेच, विरजण तेच, हातही तेच. बदललेली असते ती हवा.

त्याच मे महिन्यात रात्रीचा भात सकाळी विटलेला निघतो. दही लागणं आणि भात विटणं यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं आपल्या मनात सहसा येत नाही. पण दोन्हीकडे काम करतात ते जिवाणूच, आणि दोन्हीकडे त्यांना हवं असतं तेही तेच: ऊब, ओल, खाणं आणि वेळ. एकांना आपण चमच्यानं घालतो, दुसरे न बोलावता येतात. ज्याला दही नीट लावता येतं त्याला अन्न नासण्यापासून वाचवताही येतं, असं माझं ठाम मत आहे. दह्यातून शिकलेलं फक्त भाताच्या पातेल्यापर्यंत न्यावं लागतं. त्यासाठी एका रात्रीचा हा प्रयोग. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांच्या हातून करून घ्या.

काय लागेल

पाऊण लिटर दूध, सारख्या मापाच्या सहा स्टीलच्या वाट्या, मीठ आणि आदल्या दिवशीचं, फार न आंबलेलं दही. स्वयंपाकघरातला काडीचा थर्मामीटर असेल तर उत्तम. ताप मोजायचा थर्मामीटर इथे वापरू नका. तो ४२-४३ अंशांच्या पुढे जात नाही आणि काचेचा असेल तर गरम दुधात फुटू शकतो. ऊब धरून ठेवायला झाकणाचा हॉटपॉट हवा. तो नसेल तर तांदळाच्या डब्यात जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलं तरी चालतं. आमच्या आजेसासूबाई थंडीत दह्याचं भांडं तांदळातच खोचून ठेवायच्या.

पायरी १: दूध उकळा

पिशवीचं दूध आधीच तापवून आलेलं असतं. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांना १५ सेकंद किंवा ६३ अंशांना ३० मिनिटं धरतात. त्यानं रोग पसरवणारे जिवाणू मरतात, सगळे मरत नाहीत. म्हणून तर पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी लागते. उकळी आणून दोन-तीन मिनिटं दूध हलवत ठेवलं की उरलेल्यांपैकी बहुतेक जातात आणि विरजणातल्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं. दहीही जास्त घट्ट लागतं, कारण तापल्यानं दुधातल्या प्रथिनांची घडण बदलते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रोजच्या कामाला या दोन अंशांनी फरक पडत नाही. मात्र उघड्या पातेल्यातली उकळी सगळ्यांना मारत नाही, हे लक्षात ठेवा. काही जिवाणू संकटाच्या वेळी स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणूच्या रूपात बसून राहतात, आणि ते उकळीतूनही सुखरूप बाहेर पडतात. सहाव्या वाटीत त्यांची गाठ पडणार आहे.

पायरी २: चौथी वाटी आधी भरा

ही वाटी पहिल्यांदा भरावी लागते, कारण तिला कडक दूध हवं. गॅस बंद केल्यावर थोड्या वेळानं, वाफ चांगली येत असताना, साधारण ८० अंशांचं दूध या वाटीत घ्या आणि लगेच त्यात अर्धा चमचा विरजण घालून ढवळा. ती बाजूला निवत ठेवा.

पायरी ३: बाकीचं दूध ४३ अंशांवर येऊ द्या

थर्मामीटर नसेल तर धुतलेली करंगळी दुधात बुडवून सावकाश दहा अंक मोजा. गरम लागलं पाहिजे, पण बोट काढून घ्यावंसं वाटता कामा नये.

४३ हाच आकडा का? दह्यात मुख्यतः दोन जिवाणू जोडीनं काम करतात, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. पहिला १९०५ साली बल्गेरियाच्या स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी तिथल्या दह्यात शोधला, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. दोघांना ४० ते ४५ अंशांची ऊब सगळ्यात जास्त मानवते. घरच्या विरजणात ३० अंशांच्या आसपास रमणारे इतरही असतात, त्यामुळे दोन घरांच्या दह्याची चव सहसा सारखी लागत नाही.

पायरी ४: उरलेल्या पाच वाट्या

पहिल्या वाटीत दूध, त्यात अर्धा चमचा विरजण, ढवळून झाकण, आणि वाटी हॉटपॉटमध्ये. दुसरी अगदी तशीच, पण ती ओट्यावर उघड्या हवेत झाकून ठेवा. तिसरीही तशीच, ती फ्रीजमध्ये. पाचव्या वाटीतल्या दुधात आधी दोन चहाचे चमचे मीठ विरघळवा, मग विरजण घाला. सहाव्या वाटीत विरजण घालायचंच नाही, नुसतं दूध. चौथी, पाचवी आणि सहावी या तिन्ही पहिलीच्या शेजारी उबेतच ठेवा. वाट्यांवर चिकटपट्टी लावून आकडे लिहा, नाहीतर सकाळी घोळ होतो. मग झोपा.

पायरी ५: सकाळी बघा, पण सगळ्या चाखू नका

पहिली वाटी कलती केली तरी दही हलणार नाही. रात्रभर जिवाणूंनी दुधातली साखर खाल्ली आणि आम्ल सोडलं. आम्लता वाढत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसिन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून घट्ट होतात. त्यालाच आपण कवडी दही म्हणतो.

दुसरी वाटी ऋतूप्रमाणे बोलते. एप्रिलमध्ये ती पहिलीसारखीच लागलेली असेल. जानेवारीत, जेव्हा निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली उतरल्याची बातमी येते, तेव्हा शहरातला ओटाही गारठलेला असतो आणि वाटीत फार तर अदमुरं दही मिळतं. ते टाकू नका. दुपारपर्यंत उबेत ठेवा, लागेल.

तिसरी, फ्रीजमधली, दूधच राहिलेली असेल. हिचा पुढचा प्रयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ती बाहेर काढा, वाटी कोमट पाण्यात धरून दूध कोमट करा आणि हॉटपॉटमध्ये ठेवा. संध्याकाळपर्यंत तिचंही दही होतं. थंडीनं जिवाणू मेले नव्हते, थांबले होते. फ्रीजरच्या उणे १८ अंशांतही बरेचसे असेच थांबून राहतात. म्हणून गोठवलेला पदार्थ ओट्यावर तासन्‌तास ठेवून वितळवू नये, फ्रीजच्याच खालच्या कप्प्यात वितळू द्यावा.

चौथी बहुधा लागलेली नसते. कडक दुधात घातल्याबरोबर विरजणातले जिवाणू मेले, आणि मेलेले परत उठत नाहीत. घाईघाईत गरम दुधाला विरजण लावल्यावर दही का लागत नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

पाचवीही बहुधा लागलेली नसते. तिच्यात खाणं होतं, ऊब होती, वेळ होता, ओलही दिसत होती. पण मिठानं पाणी धरून ठेवलं. जिवाणूला वाढायला त्याच्या कामी येणारं, मोकळं पाणी लागतं. मीठ किंवा साखर जास्त झाली की हे मोकळं पाणी कमी होतं, उलट जिवाणूच्या आतलं पाणीच बाहेर ओढलं जातं.

आता सहावी. ती दिसायला ठीक दिसेल, वासही कदाचित ठीक येईल. तरी ती चाखू नका. तिच्यात विरजण नव्हतं, पण उकळीतून वाचलेले बीजाणू होते, वाटीला लागलेले आणि हवेतले जिवाणू होते, आणि आपण त्यांना रात्रभर छान ऊब दिली. पहिल्या वाटीत हेच सगळे होते. तिथे दह्याच्या जिवाणूंची संख्या पहिल्यापासून प्रचंड होती, आणि त्यांनी भराभर आम्ल सोडून इतरांना जगणं अवघड केलं. ऊब कुणाची बाजू घेत नाही. भांड्यात जो असतो आणि ज्याला ती सोसते, तो वाढतो. चौथी, पाचवी आणि सहावी वाटी मोरीत ओता आणि वाट्या साबणानं घासून घ्या.

पायरी ६: वेळेचा हिशेब मांडा

ई. कोलाय हा जिवाणू ३७ अंशांना, भरपूर खाणं मिळालं तर साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. मुलांना वही-पेन घेऊन बसवा आणि एकापासून सुरुवात करा. एका तासात ८, दोन तासांत ६४, तीन तासांत ५१२. इथवर मुलांना त्याचं काही वाटत नाही. सहाव्या तासाला आकडा २,६२,१४४ येतो. प्रत्यक्ष पातेल्यात वाढ इतकी नेमानं होत नाही, सुरुवातीला जिवाणू रुळायला वेळ घेतात आणि पुढे खाणं संपतं. पण पहिले दोन तास का महत्त्वाचे, हे या आकड्यांतून जितकं पटतं तितकं रागावून सांगण्यानं पटत नाही.

अन्नासाठी ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा समजतात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये. बाहेरचं तापमान ३२ च्या वर असेल तर एक तास. म्हणजे नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये दुपारी तासाचाच हिशेब धरा.

पायरी ७: उरलेला भात वाचवा

इथे मी थोडी जास्त थांबते, कारण आपल्या घरात सगळ्यात जास्त चूक याच ठिकाणी होते. रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, ही सवय घरोघरी आहे. तांदळावर शेतातल्या मातीतून आलेले बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. भात शिजतानाच्या उकळीत ते तगतात, आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांत सगळे जातील याचाही भरवसा धरू नये. भात कोमट झाला की ते कवचातून बाहेर येतात आणि वाढायला लागतात.

वाढताना त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. त्यानं काही तासांत मळमळ आणि उलट्या होतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. तुम्ही कढईत मोहरी तडतडवली, भात वाफाळेपर्यंत परतला, तर जिवाणू मरतील, विष राहील. ‘चांगला गरम करून खाल्ला होता की’ हे वाक्य मी आजारी माणसांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकलं आहे. शिवाय भाताला तार सुटण्याआधी, आंबूस वास येण्याआधीही विष तयार झालेलं असू शकतं, त्यामुळे वासावर विसंबू नका.

करायचं ते इतकंच. जेवणं आटोपली की उरलेला भात मोठ्या पातेल्यात दाबून ठेवू नका. परातीत किंवा ताटात पातळ पसरा. पातेल्यातल्या ढिगाचा मधला भाग तासन्‌तास उबदार राहतो, म्हणजे आपण नकळत हॉटपॉटच तयार करतो. पसरलेला भात पंख्याखाली लवकर निवतो. मग उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. वरण, उसळ, मिसळीचा रस्सा यांनाही हाच नियम लावा: मोठं भांडं रिकामं करून दोन-तीन लहान भांड्यांत वाटून ठेवा.

पायरी ८: फ्रीजची परीक्षा घ्या

फ्रीजच्या मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटरची काडी बुडवा. ५ अंश किंवा कमी यायला हवं. जास्त आलं तर बटण फिरवा, डबे इतके खेटून ठेवले नाहीत ना ते बघा, दाराचं रबर तपासा. उन्हाळ्यात वीज वरचेवर जाते तेव्हा दार कमीत कमी उघडा. फ्रीजलाही मर्यादा आहेत. लिस्टेरिया नावाचा जिवाणू त्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि तो गरोदर बायकांना फार घातक असतो. घरात कुणी गरोदर असेल तर तिला शिळं देताना पुरेसं गरम, वाफाळतं करून द्या, आणि तीन-चार दिवसांचं असेल तर देऊच नका.

पायरी ९: ओल काढून घ्या, पण हवेचं भान ठेवा

पाचव्या वाटीतला धडा आपल्या आज्या-पणज्यांना पाठच होता. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, नाशिकचा चिवडा, हे सगळे मोकळं पाणी काढून घेतलेले पदार्थ आहेत. मोकळं पाणी शून्य ते एक या मापानं मोजतात. ०.९१ च्या खाली बहुतेक जिवाणू वाढत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहणारा जिवाणू ०.८६ पर्यंत तग धरून वाढतो. म्हणून हाताला जखम, पू असेल तर खारवलेल्या किंवा मावा घातलेल्या पदार्थांनाही हात लावू नये. पावसाळ्यात चिवड्याचा डबा उघडा राहिला तर तो सादळतो, म्हणजे ओल पुन्हा आत शिरते.

लोणच्यावर तेलाचा थर ठेवतो तो हवा बंद करण्यासाठी. त्यानं बुरशी आणि हवेवर जगणारे जिवाणू अडतात. पण काही जिवाणूंना हवा नसणंच मानवतं. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा त्यांतला सगळ्यात भयंकर, त्याचं विष नसा लुळ्या पाडतं. लोणच्यात तो वाढत नाही, कारण तिथे मीठ आणि आंबटपणा दोन्ही असतात, पीएच ४.६ च्या खाली त्याचं काही चालत नाही. पण लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून बरणी फडताळात ठेवली तर तिथे हवा नाही, आंबटपणा नाही, मीठ नाही. असं कधीही करू नका. लसूणतेल हवं असेल तर थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. याच जिवाणूच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजू शकतात. कितीही जुनी रीत असली तरी ही एक रीत मोडा.

पायरी १०: पावसाळ्यात पाणी आणि फडकं

गोदावरीचं पाणी काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागलं की आपण पूर पाहायला जातो. त्या दिवसांत नळाला गढूळ पाणी आलं तर आधी ते निवळू द्या, गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळा. माठाच्या आतून हात फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंनी घातलेला थर असतो. नुसतं विसळून तो जात नाही, घासावाच लागतो. पाणी ओगराळ्यानं काढा, पेला बुडवू नका. ओट्याचं फडकं ओलं गोळा करून सिंकच्या कडेला ठेवणं म्हणजे त्याला ओल, खाणं आणि रात्रभराचा वेळ एकदम देणं. ते साबणानं धुऊन, पिळून, पसरून वाळवा. ऊन मिळालं तर उत्तमच.

पायरी ११: वर्षाचा कांदा साठवताना

नाशिकमध्ये राहून कांद्याबद्दल लिहिलं नाही तर माहेरी निफाड तालुक्यात भाऊ बोलणार नाही. पावसाळ्यापुरता कांदा मे महिन्यात भरून ठेवणाऱ्या घरांसाठी हे.

कांद्याची सड बरीचशी बुरशीमुळे होते, पण जो कांदा आतून मऊ, पाणचट होतो आणि ज्याचा घाण वास सुटतो, तो बहुतेक वेळा जिवाणूंचं काम असतो. हे जिवाणू पेशींना एकत्र धरून ठेवणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणून कांद्याचं पाणी होतं. त्यांना आत शिरायला वाट लागते. ती वाट म्हणजे न वाळलेली मान, कुदळीचा घाव किंवा गोणी आपटल्यावर पडलेली चीर.

म्हणून शेतकरी काढणीनंतर कांदा तीन ते पाच दिवस शेतातच पातीनं झाकून वाळवतात, मग पात कापताना दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवतात, आणि पुढे सावलीत दहा-बारा दिवस सुकवतात. मान पीळ घेऊन बंद झाली की दार बंद झालं. कांदा चाळही जमिनीपासून उचललेली, फटी ठेवलेली असते, ती खालून-बाजूनं वारा खेळून ओल निघून जावी म्हणून.

घरासाठी घेताना उन्हाळ कांदाच घ्या, लाल कांदा टिकत नाही. दुकानातच मान दाबून बघा. मऊ, जाड मानेचे, जोड आणि डेंगळे कांदे बाजूला काढा. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कांदा श्वासातून सोडतो ती ओल तिथेच अडकते. बांबूच्या टोपलीत किंवा लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून, एकावर एक फार थर न चढवता पसरा. बटाट्यांचं पोतं शेजारी नको. आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा सगळे कांदे हातानं उलटेपालटे करा. एखादा मऊ लागला तर तो आणि त्याला चिकटलेले दोन-चार वेगळे काढा. ते दोन-चार आधी भाजीला वापरा, आणि ओली झालेली जागा कोरड्या फडक्यानं पुसून मगच बाकीचे परत लावा.